प्रॉम्प्टरवाली

तिने काळी चिकटपट्टी दातांनी तोडली आणि प्रॉम्प्टरच्या कडेवर दाबून बसवली. रंगमंचाच्या अगदी काठाशी, माइकच्या बुडाशी तो हातभर लांबीचा पडदा तिरका ठेवलेला होता. वर उभं राहून गाणाऱ्याने नजर खाली टाकली की त्याला गाण्याच्या ओळी दिसाव्यात, आणि समोरच्या माणसाला तिथे एखादा स्पीकर पडला आहे असं वाटावं, अशी ती सोय. ती मैदानाच्या बाजूला उतरली, वाकून पाहिलं. उजेडाची बारीक फट राहिली होती. परत वर चढून तिने तिथे आणखी एक तुकडा लावला.

"घरात दातांचा डॉक्टर, आणि बायको दातांनी पट्टी तोडते," वरून आवाज आला.

"कात्री तुझ्या माणसांनी लंपास केली. बाजूला हो, सावली पडतेय."

तो निमूटपणे बाजूला झाला. गळ्यात गिटार, दाढीत पिकलेले केस, अंगात विटलेला शर्ट. विटलेला, पण मुद्दाम निवडून घेतलेला. हे तिला लांबूनही कळलं असतं. या माणसाच्या अंगावरचा कुठला शर्ट कशासाठी आहे हे ओळखण्यात तिची अकरा वर्षं गेली होती.

अकरा वर्षं तो गाण्यांच्या वाहिनीवर अँकर होता. रोज संध्याकाळी सहा ते सात, दोन गाण्यांच्या मधे येऊन बोलायचा, आणि तो जे बोलायचा ते ती लिहायची. नुसते शब्द नव्हे. कुठे हसायचं, कुठे कान खाजवायचा, कुठे काहीतरी विसरल्यासारखं करून मग आठवायचं, तेही कंसात लिहिलेलं असायचं. लोक म्हणायचे, काय सहज बोलतो हो हा माणूस! वाहिनी लहान, त्यामुळे लिहिणारीनेच प्रॉम्प्टरही चालवायचा. त्यात तिचा हात बसला तो कायमचा. नवशिक्याला वाटतं, पडद्यावर ओळी सरकतील तसं वाचणारा वाचतो. उलटं असतं. वाचणारा श्वास घेतो आणि ओळ त्याच्या मागून सरकते. प्रॉम्प्टरवाल्याने पुढे पळायचं नाही आणि मागे राहायचं नाही. त्याचा श्वास तिला त्याच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होता. ऑफिसात त्याला सगळे 'पोपट' म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं असं कुणी विचारलं, तर ती दुसरीकडे बघायची.

तीन वर्षांपूर्वी पोपट उडाला. नोकरी सोडली, केस वाढवले, म्हणाला गाणार, बँड काढणार. सगळे हसले. सगळ्यांत आधी ती हसली. "उचलली जीभ लावली टाळ्याला, असं गाणं नसतं," असं ती कॅन्टीनमध्ये म्हणाली, आणि लोकांना ते इतकं आवडलं की तिने ते आणखी चार ठिकाणी म्हणून घेतलं.

पहिलं वर्ष तिच्या शब्दाबाहेर गेलं नाही. कॉलेजांच्या सभागृहांत पोरं त्याला गाऊच द्यायची नाहीत. "कान इकडे!" म्हण, "कान इकडे!" म्हण, असा ओरडा करायची. वाहिनीवरच्या त्याच्या कार्यक्रमाची सुरुवात या दोन शब्दांनी व्हायची, आणि ते शब्द तिने एकदा दुधावर लक्ष ठेवून उभी असताना रचले होते. तो काही ते म्हणायचा नाही. खाली मान घालून गात राहायचा, आणि लोक उठून जायचे. हे ऐकून तिला बरं वाटायचं. आणि मेल्याने एकदाही ते शब्द उच्चारले नाहीत याचा रागही यायचा. दोन्ही एकाच वेळी कसं होतं हे तिने स्वतःला विचारलं नाही.

मग त्याची गाणी आली. बारा गाण्यांचा अल्बम. आणि बघता बघता ती रिक्षात, केस कापायच्या दुकानात, शेजारच्यांच्या खिडकीत वाजायला लागली.

महिन्यापूर्वी त्याचा फोन आला होता.

"लेखिकाबाई, मोठ्या मैदानावर गायचंय. पंधरा-वीस हजार माणूस. माझं काय होतं, समोर गर्दी दिसली की शब्दच जातात. प्रॉम्प्टर लागणार."

"मग घे की. भाड्याने मिळतो."

"प्रॉम्प्टर मिळतो गं. तू कुठे मिळतेस?"

"बघते," म्हणून तिने फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी होकार कळवला. नवऱ्याला सांगितलं, काम आहे, काम म्हणून करायचं. खरं ते तिने फक्त मनात ठेवलं. एक तर तो तोंडावर आपटताना तिला जवळून बघायचं होतं, नाही तर तिच्याशिवाय त्याचं पान हलत नाही हे जगाला दिसायला हवं होतं. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

तर ती गाणी तिला टाइप करावी लागली. त्याने पाठवलेली फाइल कुठल्याशा जुन्या फॉन्टमधली निघाली, उघडली की नुसते चौकोन. तिने तक्रार केली, तर त्याने सरळ आपल्या वहीच्या पानांचे फोटो पाठवून दिले. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ती ते फोटो लावून बसली. बाजूला सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि घड्या घालता घालता त्याचंच गाणं गुणगुणत होत्या.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"चाल चांगली आहे गं. आणि शब्द कळतात. नाहीतर हल्ली काय ओरडतात ते ओरडणाऱ्यालाच माहीत."

ती नवऱ्याकडे वळली. "दवाखान्यातही लावतोस म्हणे?"

"पेशंट शांत राहतात," तो वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"तोंडात यंत्र घातल्यावर कोण बोंबलणार आहे?"

"पूर्वी खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. आता पायाने ताल धरतात. परवा एका काकूंची दाढ काढली, तर म्हणाल्या, हे गाणं संपेपर्यंत बसू का?"

"त्याला ही गाणी कुणी लिहून दिली असतील?"

"नाव तर त्याचंच आहे."

"नावाचं काय घेऊन बसलास? अकरा वर्षं माझ्या बोलण्याला तोंडही त्याचंच होतं."

त्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. "तुझ्या पोटात दुखतंय."

"हो, दुखतंय. मग?"

"मग काही नाही. दाढ असती तर काढली असती."

सासूबाई हसल्या, तीही हसली, आणि पुन्हा वहीच्या फोटोंवर वाकली. चोरी शोधत होती ती. कुठेतरी आपली ओळ सापडेल, कार्यक्रमातला एखादा विनोद, एखादं वाक्य मोडूनतोडून बसवलेलं दिसेल, अशी तिला आशा होती. सापडलं असतं तर तिने चारचौघांत गौप्यस्फोट केला असता, आणि नसता केला तरी आतून गार झाली असती. नऊ गाणी संपली. तिचं एक अक्षर निघालं नाही.

उलट जे निघालं ते वाईट होतं. पानापानावर खाडाखोड होती. एक शब्द लिहून खोडलेला, त्यावर दुसरा, तोही खोडलेला, बाजूला बाण काढून तिसरा, आणि शेवटी पहिलाच परत आणलेला. लिहिणाऱ्या माणसाला खाडाखोड वाचता येते. दुसऱ्याने सांगितलेलं उतरवून घेताना कुणी असं खोडत नाही. हे त्याचंच होतं. आणि चांगलं होतं. तिने स्वतः गेल्या कित्येक वर्षांत एखाद्या शब्दासाठी एवढी शाई घालवली नव्हती.

दहाव्या गाण्याचं नाव होतं 'जिना'. हेच गाणं सगळीकडे वाजत होतं, पण तिने ते कधी पूर्ण ऐकलं नव्हतं. सुरू झालं की ती खोलीतून उठायची. एक माणूस आपल्याच घराच्या जिन्यात बसून आहे. वर दिवा जळतोय, आणि त्याला वर जाऊन बायकोला काय सांगायचं ते सुचत नाही.

*तिसऱ्या मजल्यावर दिवा आहे,*
*मी जिन्यातच बसून आहे.*

तिने टाइप केलं. दुसरं कडवं केलं. तिसऱ्याच्या सुरुवातीला होतं, *इतकी वर्षं बोलत आलो*. त्याच्या खालची ओळ तीनदा लिहिलेली होती. तिने फोटो मोठा केला. सगळ्यात आधी लिहिलं होतं, 'सगळे शब्द तिचे होते.' त्यावर आडवी रेघ. मग, 'सगळे शब्द उसने होते.' त्यावरही रेघ. आणि शेवटी, रेघेशिवाय:

*एक शब्द माझा नव्हता.*

तिसरी ओळ सगळ्यांत चांगली होती. हे तिला पहिल्या वाचनातच कळलं, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. वीस हजार लोकांपुढे तो आपलं रितेपण सांगून टाळ्या घेणार, आणि ते रितेपण ज्या बाईने अकरा वर्षं भरलं ती एका रेघेखाली गेली. बरं, रेघ बरोबर होती. तिच्यापुढे कुणी हे कडवं आणून ठेवलं असतं तर तिनेही 'तिचे' हा शब्दच आधी खोडला असता.

"झालं का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली आणि ओळ टाइप केली.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला सुरू झाला. रंगमंचाच्या डाव्या अंगाला काळ्या कापडाचा एक आडोसा केला होता, त्यात तिची खुर्ची, एक लहान पडदा, आणि हातात प्रॉम्प्टरची चकती. अंगठ्याने चकती फिरवली की ओळ वर सरकते. कापडाच्या फटीतून तिला तो बाजूने दिसत होता. पलीकडे गर्दी, अगदी मैदानाच्या टोकाच्या झाडांपर्यंत.

पहिल्या गाण्याला तो माइकला चिकटून उभा होता, पण आवाज मोकळा होता. चौथ्या गाण्यापर्यंत तोही मोकळा झाला. तो खाली क्वचितच बघत होता. ती मात्र ओळ न ओळ सरकवत होती, त्याच्या श्वासामागे, सवयीने. दोन गाण्यांच्या मधे तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं होतं. तेवढी तरी त्याला आपली गरज पडेल असं वाटलं होतं. तो काहीही बोलला नाही. पाणी प्यायचा, गिटारच्या तारा जुळवायचा, आणि पुढचं गाणं. हा माणूस अकरा वर्षं बडबडून पोट भरत होता, आणि आता वीस हजार लोक त्याचं गप्प बसणंसुद्धा मन लावून बघत होते. एवढं तर तिने लिहिलेल्या उत्तमातल्या उत्तम विनोदालाही मिळालं नव्हतं.

शेवटी 'जिना' आलं. बँड थांबला, फक्त गिटार राहिली. पहिलं कडवं, दुसरं कडवं. लोकांनी मोबाइलचे दिवे लावले होते. तो पुढे झुकला.

*इतकी वर्षं बोलत आलो...*

आणि थांबला. तिला त्याच क्षणी कळलं. हा गाण्यातला थांबा नव्हता. त्याने श्वास घेतला होता, पण त्या श्वासाच्या टोकाला काही नव्हतं. शब्द गेले होते. बोटं तारांवर तेच दोन सूर पुन्हा वाजवत राहिली. त्याने खाली पाहिलं.

पडद्यावर, तळाशी, आत्ता गायलेली ओळ होती. पुढची तिच्याखाली, कडेआड, अजून न दिसणारी, चकतीच्या पाव फेऱ्याएवढी लांब. तिचा अंगठा चकतीवर होता. तिने तो फिरवला नाही.

एक. तुझी ओळ आहे ना? म्हण. दोन. तीन वेळा लिहिलीस, दोनदा खोडलीस, म्हण आता. तीन. बासगिटार वाजवणाऱ्याने मान वळवून पाहिलं. चार. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तिला इतकं गोड वाटलं की भीतीच वाटली. पाच. त्याने पडद्यावरून नजर उचलली आणि डावीकडे, काळ्या कापडाकडे पाहिलं. तिथून त्याला काहीच दिसणं शक्य नव्हतं. तरी तिने श्वास रोखला. सहा.

*एक शब्द माझा नव्हता.*

आधी पुढच्या रांगांतून, मग मधून, मग अगदी टोकाच्या झाडांजवळून. वीस हजार लोकांनी ती ओळ म्हटली, ओरडून नव्हे, हळू, घरच्या माणसाला आठवण करून द्यावी तशी. तो माइकपासून एक पाऊल मागे सरला. लोकांनी ती ओळ पुन्हा म्हटली. तिच्या अंगठ्याने चकती फिरवली तेव्हा पडद्यावर ती ओळ आली खरी, पण आता तिचं कुणाला काम नव्हतं.

रंगमंचामागे नुसती झुंबड उडाली होती. ड्रम वाजवणारी पोरगी, जिला बँडमध्ये सगळे धाकली म्हणत, रडत होती आणि रडत रडत सगळ्यांना मिठ्या मारत होती. प्रॉम्प्टरवाली मात्र आपल्या वायरी गुंडाळत भिंतीशी उभी राहिली. कधी एकदा घरी जाते असं तिला झालं होतं. तेवढ्यात तोच तिला शोधत आला आणि तिचं मनगट धरून सगळ्यांच्या मधे घेऊन गेला.

"मी खाली बघतो, तर ओळच नाही," तो सांगू लागला. "म्हटलं, मेलो. आणि मग ते लोक! अरे, हिने केलं हे. हिने मुद्दाम थांबवलं. हिला कळतं कुठे थांबायचं ते."

"काय हो, खरंच?" धाकलीने डोळे पुसत विचारलं. "तुम्ही मुद्दाम थांबवलं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. खोटं बोलायचं कामच नव्हतं.

"मुद्दाम," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. अकरा वर्षांत तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि वाजल्या त्या या कामासाठी.

पुढच्या आठवड्यात ते सहा सेकंद आणि नंतरचा तो जनसागर लाखो लोकांनी मोबाइलवर पाहिला. सासूबाईंनी एकट्यांनी वीसेक वेळा पाहिला असेल. "इथे तू थांबवलंस ना गं?" असं दर वेळी विचारायच्या, आणि शेजारणींना बोलावून दाखवायच्या. नवऱ्याने दवाखान्यात सांगितलं, ही आमची बायको. ती मान डोलवायची, आणि ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठायची. "काय होतंय तुला?" नवऱ्याने एकदा विचारलं. पोट, म्हणाली. या वेळी त्याने विनोद केला नाही.

आणखी आठ शहरांतले कार्यक्रम ठरले. तिने नाही म्हणायचं ठरवलं होतं, पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि जे कारण होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. दहा दिवसांनी सकाळी अकराला ती सरावाच्या हॉलमध्ये आपल्या खुर्चीवर बसली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. बासवाला चहा पीत होता. गाणारा स्टुलावर बसून, गिटारवर मान घालून, तारा जुळवत होता. धाकलीने मांडीवर वही घेतली आणि पेन्सिलीचं टोक तोंडात धरलं.

"आता 'जिना'. ते थांबायचं आपण दर वेळी ठेवायचं ना?"

"ठेवायचं," तो म्हणाला.

"मग मला आकडा लागेल. मी नंतर कधी यायचं ते लिहून ठेवते." धाकली तिच्याकडे वळली. "तुम्ही त्या दिवशी किती थांबला होतात?"

"मोजलं नाही गं," ती म्हणाली. "दोन सेकंद असतील."

धाकलीने पेन्सिल वहीवर टेकवली.

"सहा," तो म्हणाला. त्याने मान वर केली नाही. एक तार छेडली, कान लावून ऐकली, खुंटी किंचित पिळली. "सहा होते. सहाच ठेव."

धाकलीने सहा लिहिलं. त्याने पुढची तार छेडली. ती बराच वेळ त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली, तो आता काही बोलेल म्हणून. मग तिने चकती हातात घेतली आणि पहिली ओळ पडद्यावर आणून ठेवली.